बिऱ्हाड पाठीवर घेऊन आलेला पाहुणा

स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला लॅक्सफर्ड ब्रिजहून ड्युरनेसकडे जाणारा ए-838 हा रस्ता नकाशावर चांगला ठसठशीत दिसतो. प्रत्यक्षात तो एका गाडीपुरता आहे. थोड्या थोड्या अंतरावर त्याला बाजूला फुगवटा दिलेला असतो आणि तिथे पाटी असते : ‘पासिंग प्लेस’. समोरून गाडी आली की ज्याला फुगवटा जवळ पडेल त्याने थांबायचं, दुसऱ्याला जाऊ द्यायचं. जाणाऱ्याने हात उंचावून आभार मानायचे. मागचा घाईत असेल तर त्यालाही वाट करून द्यायची. हात उंचावला गेला नाही, तर गाडी भाड्याची आहे हे गावकऱ्याला नंबरप्लेट न वाचताही कळतं.

2015 साली या रस्त्याला आणि त्याला जोडलेल्या इतर रस्त्यांना मिळून एक नाव देण्यात आलं : नॉर्थ कोस्ट 500. इनव्हर्नेसच्या किल्ल्यापासून निघायचं, पश्चिमेला ॲपलक्रॉस, टोरिडन, उल्लापूल करत वर चढायचं, ड्युरनेस, टंग, बेटीहिल, थर्सो असा उत्तर किनारा धरायचा आणि जॉन ओग्रोट्सहून पूर्वेकडच्या विक, गोल्स्पी, टेनवरून पुन्हा इनव्हर्नेसला यायचं. एकूण 516 मैल, म्हणजे सुमारे 830 किलोमीटर. रस्ते जुनेच होते, नवं होतं ते फक्त नाव. पण त्या नावाने जगभरातून गाड्या खेचून आणल्या. इतक्या, की ‘फोडर्स’ या प्रवासी मार्गदर्शिकेने 2025 साठी ‘इथे जाण्याआधी फेरविचार करा’ अशा ठिकाणांची जी यादी काढली, तीत या मार्गाचं नाव होतं.

स्कॉटलंडच्या या डोंगराळ उत्तर भागाचा, म्हणजे हायलँड्सचा, पाहुणचार ही इथल्या प्रत्येक पर्यटन-पत्रकातली ठरलेली ओळ. तो पाहुणचार खोटा नाही. त्याला शतकांची परंपरा आहे, धर्माचा आधार आहे आणि त्यासाठी रक्तही सांडलेलं आहे. म्हणूनच एक अवघड प्रश्न विचारायला हा किनारा योग्य जागा आहे. पाहुणा कोणाला म्हणायचं? दारात आलेल्या प्रत्येकाला, की ज्याला दाराची गरज आहे त्याला?

इंग्रज लेखक डॉ. सॅम्युअल जॉन्सन 1773 मध्ये आपला स्कॉटिश मित्र जेम्स बॉस्वेलला घेऊन हायलँड्सच्या पश्चिम भागात हिंडला. वय 63, शरीर अवाढव्य, स्वभाव तिरसट. त्यात स्कॉटलंडची टिंगल करण्यात त्याचा हातखंडा. दोन वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात त्याने स्काय बेटावरची व्यवस्था नेमकी टिपली आहे. पैसे घेऊन उतरवून घेणारी घरं तिथे जवळपास नव्हतीच. प्रवाशाने ओळखीची पत्रं आणावीत किंवा रात्र पडली, पाय थकले की समोर येईल त्या घराच्या दयेवर विसंबावं. झोपडी लाभली तर नुसता निवारा मिळे. एखाद्या खानदानी माणसाचं घर लाभलं तर वादळ उठावं आणि मुक्काम लांबावा, असं पाहुण्यालाच वाटू लागे. ग्लेनेल्गला मात्र या जोडीला जी खाणावळ भेटली तिच्यात खायला जवळजवळ काही नव्हतं आणि झोपायची सोयही नव्हती. तेव्हा परिसरातल्या एका गृहस्थाने निरोप आणि त्यासोबत रमची बाटली नि साखर पाठवली. ओळख ना पाळख.

जॉन्सनच्या वर्णनातली मेख अशी, की पाहुणचार आणि खाणावळ यांचं प्रमाण व्यस्त आहे. खाणावळी नाहीत म्हणून घरं उघडी. घर उघडलं नाही तर बाहेर पाऊस, दलदल, वारा, आणि एखाद्या वेळी मरण. दार उघडण्याचं कर्तव्य त्या मरणातून आलेलं आहे.

धर्मग्रंथांनाही हे पक्कं ठाऊक होतं. तैत्तिरीय उपनिषदातलं अतिथीला देव मानण्याचं वाक्य आपल्याकडे सरकारी जाहिरातीपर्यंत पोचलं. त्याच उपनिषदाच्या भृगुवल्लीतली आज्ञा फारशी कोणाला आठवत नाही आणि ती अधिक व्यवहारी आहे. वस्तीला आलेल्या कोणालाही परत पाठवू नये; हे व्रत आहे, आणि ते पाळायचं तर मिळेल त्या मार्गाने घरात भरपूर अन्न साठवून ठेवावं. भावनेच्या जोडीला कोठार हवं, हे ऋषीला कळत होतं. कठोपनिषदात तर साक्षात यम घाबरतो. तो घरी नसताना नचिकेत त्याच्या दारात तीन रात्री उपाशी बसून राहतो आणि परत आलेला मृत्यूचा देव एकेका रात्रीसाठी एकेक वर देऊन सुटका करून घेतो. बायबलमध्ये अब्राहाम भर दुपारी तंबूच्या दारात बसलेला असताना तीन अनोळखी माणसं दिसतात आणि म्हातारा धावत सुटतो. हिब्रूंस पत्रात तर अशा पाहुणचारात काहींनी नकळत देवदूतांना जेवू घातल्याची आठवण करून दिली आहे. हायलँड्सच्या प्रेस्बिटेरियन घरांत बायबल रोज वाचलं जाई, त्यामुळे ही गोष्ट तिथे पोरासोरांनाही पाठ.

या सगळ्या कथांमधला पाहुणा थकलेला आहे, भुकेला आहे, एकटादुकटा आहे. आणि उपदेश जवळजवळ सगळा यजमानाला आहे.

पाहुण्याला उद्देशून काही सांगितलंच नाही, असंही नाही. मनुस्मृतीने अतिथीची मुदत एका रात्रीची ठरवली. आपल्याच गावच्या माणसाला अतिथी मानायचं नाही, असंही बजावलं. (आणि वैश्य-शूद्र आले तर त्यांना नोकरांसोबत जेवू घालावं, असंही. देवाला दर्जे असतात हे मनूने लपवलं नाही.) पहिल्या-दुसऱ्या शतकातलं ‘डिडाखे’ हे ख्रिस्ती मंडळींचं छोटं नियमपुस्तक याहून रोखठोक आहे. फिरता प्रेषित आला तर एक दिवस ठेवून घ्या, गरज पडली तर दोन. तिसऱ्या दिवशीही हलला नाही तर तो खोटा समजा. निघताना भाकरीपुरतं घेऊन जाईल तो खरा, पैसे मागेल तो भोंदू. ड्युरनेसच्या किनाऱ्यावर एकेकाळी नॉर्स लोकांची वस्ती होती. त्यांच्या परंपरेतल्या ‘हावामाल’ या आइसलँडमध्ये जपलेल्या काव्याची सुरुवातच पाहुण्याच्या विषयाने होते. यजमानाने शेकोटी, पाणी, पंचा द्यावा. पाहुण्याने बेताने प्यावं, बेताने बोलावं आणि वेळेत उठावं, असा त्याचा रोख.

जुन्या जगाची मुख्य भीती एकच होती : पाहुणा जाणार नाही. मुदती, अटी, इशारे सगळे त्यासाठी. पाहुणा येईल पण त्याला काहीच नको असेल, ही शक्यता मनूच्या, नॉर्स कवीच्या किंवा त्या ख्रिस्ती नियमकर्त्याच्या डोक्यात आली नाही.

पाहुणचार हे हत्यारही होऊ शकतं, हे मात्र जुन्या जगाला ठाऊक होतं. दुर्योधनाने दुर्वासाला दहा हजार शिष्यांसह वनवासी पांडवांकडे धाडलं ते द्रौपदी जेवून उठल्यावर. थाळी रिकामी, दारात ऋषी. इथे पाहुण्यांची संख्या हेच शस्त्र आहे. हायलँड्समध्ये शस्त्रं खरी निघाली. 1692 च्या फेब्रुवारीत राजाचे सैनिक ग्लेन्को खोऱ्यातल्या मॅकडोनल्ड कुटुंबांच्या घरी उतरले. सुमारे बारा दिवस त्यांच्याच चुलीवरचं जेवले, त्यांच्याबरोबर पत्ते खेळले. 13 तारखेच्या पहाटे कॅप्टन रॉबर्ट कॅम्पबेलच्या हाताखालच्या या माणसांनी यजमानांना कापून काढलं. अडतीसच्या आसपास माणसं मारली गेली, आणि बायकामुलं बर्फात पळताना गारठून मेली ती वेगळी. त्या काळात त्याहून मोठ्या कत्तली झाल्या, पण लोकांच्या मनात राहिली ती हीच. विश्वासात घेऊन केलेला खून हा स्कॉटिश कायद्यात साध्या खुनाहून गंभीर गुन्हा होता. पाहुण्याचाही धर्म असतो, आणि तो मोडला तर माफी नाही, हे तिथे कायद्याने लिहून ठेवलेलं होतं.

ॲपलक्रॉसला पाहुणचाराच्या धर्माचं दुसरं रूप दिसतं. आयर्लंडच्या बँगर मठातून आलेल्या संत मेलरुव्हाने इथे 673 मध्ये मठ स्थापला. मठाभोवती सहा मैलांचा मुलूख अभयक्षेत्र मानला जाई. पाठलाग होत असलेला माणूस त्या हद्दीत शिरला की त्याला हात लावायचा नाही. गेलिक भाषेत या गावाचं नावच ‘अभयस्थान’ अशा अर्थाचं आहे. पूर्व किनाऱ्यावरच्या टेन गावात संत डुथॅकचं असंच अभयक्षेत्र होतं. 1306 मध्ये रॉबर्ट ब्रूसची राणी आणि मुलगी तिथे आश्रयाला आल्या, तेव्हा रॉसच्या अर्लने त्यांना पकडून इंग्लंडच्या राजाच्या हवाली केलं. म्हणजे आजच्या या सहलीच्या मार्गावर अभय देणारं गाव आहे, आणि अभय मोडलेलं गावही आहे. ॲपलक्रॉसला जाणाऱ्या बेलाख ना बा घाटाच्या पायथ्याशी आता निराळीच पाटी दिसते : शिकाऊ चालकांनी, फार मोठ्या वाहनांनी आणि कॅरव्हॅनवाल्यांनी पहिल्या मैलानंतर पुढे न गेलेलं बरं. घाट 626 मीटरवर पोचतो, वळणं भयानक आहेत. पाटी न जुमानता चढलेल्या आणि मधल्या वळणावर अडकलेल्या गाड्यांच्या गोष्टी गावात पुष्कळ ऐकायला मिळतात.

गर्दीचा पाहुणचार हायलँड्सला नवा नाही, आणि ही बाब पर्यटनावर बोलणारे हमखास विसरतात. एकोणिसाव्या शतकात इथल्या पॅरिशांमध्ये, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्त्यांमध्ये, प्रभुभोजनाचा सोहळा वर्षातून एक-दोनदाच होई, आणि तो गुरुवारपासून सोमवारपर्यंत चाले. गुरुवार उपासाचा. शुक्रवार प्रश्नाचा : त्या दिवशी धर्मगुरू बाजूला बसत आणि गावोगावचे जाणते शेतकरी-कोळी एखाद्या धार्मिक प्रश्नावर उभं राहून बोलत. शनिवार तयारीचा, रविवार भोजनाचा, सोमवार आभाराचा. आजूबाजूच्या पॅरिशांतून माणसं चालत, होड्यांतून येत. चर्चमध्ये मावत नसत म्हणून प्रवचन उघड्यावर. शेकड्यांनी आलेली ही मंडळी झोपत कुठे? गावकऱ्यांच्या घरात, घर भरलं की गोठ्यात, गवताच्या कोठीत. पंढरीच्या वाटेवरच्या गावांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

ते झेपत होतं याची कारणं साधी होती. पॅरिशांचे सोहळे वेगवेगळ्या तारखांना असत. आज ज्याने दहा जणांना झोपायला जागा दिली, तो पुढच्या महिन्यात डोंगरापलीकडे त्यांच्याच गोठ्यात झोपणार असे. यजमान आणि पाहुणा हे दोन वर्ग नव्हते, त्या पाळ्या होत्या. शिवाय सगळे एकाच कामासाठी आलेले. गंमत म्हणजे घरात सर्वांना जागा असली तरी प्रभूच्या टेबलाशी नव्हती. तिथे बसायला चर्चच्या वडीलधाऱ्यांनी पारखून दिलेला शिशाचा बिल्ला लागे, आणि आपण लायक नाही या धास्तीने बहुतेक जण आयुष्यभर तो मागतच नसत. माणसाच्या घराला अट नाही, देवाच्या टेबलाला अट. फ्रेंच तत्त्वज्ञ जाक देरिदा आयुष्याच्या उत्तरार्धात पाहुणचारावर बोलताना नेमकं हेच म्हणत होता : निखळ पाहुणचाराला कसलीच अट चालत नाही, आणि अटींवाचून तो प्रत्यक्षात उतरतही नाही, दोन्ही एकमेकांना नाकारतात आणि एकमेकांशिवाय राहूही शकत नाहीत. अल्जीरियात वाढलेल्या या ज्यू मुलाचं फ्रेंच नागरिकत्व 1940 मध्ये व्हिशी सरकारने एका फटक्यात काढून घेतलं होतं. घर असणं म्हणजे काय, हे तो पुस्तकातून शिकला नव्हता.

घर असणं. इथे या किनाऱ्याचा इतिहास अंगावर येतो.

बेटीहिलहून दक्षिणेला स्ट्रॅथनेव्हर नावाचं खोरं आत जातं. हिरवं, रुंद, आणि आश्चर्य वाटावं इतकं रिकामं. 1814 मध्ये आणि मग 1819 मध्ये सदरलंड जहागिरीने इथली गावंच्या गावं उठवली, कारण मेंढ्यांचा मक्ता जास्त पैसे देत होता. घरांची छपरं जाळण्यात आली. जहागिरीचा कारभारी पॅट्रिक सेलर याच्यावर 1816 मध्ये इनव्हर्नेसला खटला झाला, तो निर्दोष सुटला. खोऱ्यातली जमीन त्याने स्वतःच मेंढ्यांसाठी मक्त्याने घेतली होती. उठवलेल्या लोकांना किनाऱ्यावर खडकाळ तुकडे देऊन मासे धरायला सांगण्यात आलं. बेटीहिल हे नावसुद्धा जहागिरीची मालकीण काउंटेस एलिझाबेथ हिच्यावरून पडलं. प्रवासी गाडीच्या काचेतून ज्या टुमदार किनारी वस्त्यांचे फोटो काढतात, त्यांपैकी कितीतरी वस्त्या आपल्याच मुलखात पाहुणे करून सोडलेल्या माणसांनी वसवल्या आहेत.

जहागिरीची नजर लोकांच्या पाहुणचारावरही होती. दगडकाम करणाऱ्या डोनाल्ड मॅक्लाऊडने लिहून ठेवलं आहे की 1830 मध्ये तो घरी नसताना त्याच्या बायकोला बाहेर काढण्यात आलं आणि तिला कोणी आसरा देऊ नये अशी ताकीद शेजाऱ्यांना देण्यात आली. माणूस उघड्यावर टाकायचा असेल तर आधी शेजाऱ्याचं दार बंद करावं लागतं, हे त्या कारभाऱ्यांना चांगलं समजलं होतं. 1845 मध्ये ग्लेनकॅल्व्हीहून हाकललेली सुमारे ऐंशी माणसं क्रोइक चर्चच्या आवारात कांबळी बांधून राहिली. लंडनच्या ‘टाइम्स’ने बातमीदार पाठवला, म्हणून ही हकिकत जगाला कळली. ही माणसं चर्चच्या आत गेली नाहीत. खिडकीच्या काचांवर बाहेरून ओरखडून त्यांनी स्वतःचा उल्लेख पापी पिढी असा केला आहे. ती अक्षरं आजही तिथे वाचता येतात. आपल्या दुर्दैवाचा दोष त्यांनी जमीनदाराला दिला नाही, आपल्याच पापाला दिला. त्या काचांसमोर उभं राहिलं की प्रेस्बिटेरियन धर्माबद्दलचा आदर थोडा डळमळतो.

स्ट्रॅथनेव्हर रिकामं होण्याच्या वीस वर्षं आधी इमॅन्युएल कांटने 1795 मध्ये ‘चिरंतन शांतता’ हा निबंध लिहिला. पूर्व प्रशियाबाहेर कधी न गेलेला हा माणूस जागतिक पाहुणचाराचा कायदा मांडत होता, हे मजेशीर आहे. आपले आजोबा स्कॉटलंडहून आले असं तो समजत असे. पुढच्या संशोधकांनी ते खोडून काढलं. कांट म्हणतो, पृथ्वी गोल आहे, माणसं अनंतात पांगू शकत नाहीत, म्हणून त्यांना एकमेकांना सहन करावंच लागणार. परक्याला भेटीला येण्याचा हक्क आहे. तो शांतपणे वागत असेल तोवर त्याला शत्रू समजू नये. पण पाहुणा म्हणून राहण्याचा हक्क मात्र त्याला नाही, त्यासाठी यजमानाशी वेगळा करार लागतो. आणि लगेच तो युरोपवर घसरतो : तुम्ही जिथे ‘भेट’ द्यायला गेलात तिथे तुम्ही जिंकायलाच गेलात. उदाहरणात तो हिंदुस्थानचं नाव घेतो, वखारींच्या मिषाने फौज आणल्याबद्दल.

नॉर्थ कोस्ट 500 च्या शेवटच्या टप्प्यात ॲल्नेस आणि एव्हँटन या गावांमागच्या डोंगरावर एक विचित्र कमान दिसते. बक्सारची लढाई जिंकणाऱ्या हेक्टर मन्रोने 1781 मध्ये तमिळ किनाऱ्यावरचं नागपट्टणम घेतलं आणि घरी येऊन तिथल्या वेशीसारखी ही कमान बांधवली. त्याच रॉस-शर भागात 1793 मध्ये उभी राहिलेली 78 वी हायलँडर पलटण दहा वर्षांनी, 23 सप्टेंबर 1803 रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढत होती. एका मुलखातली माणसं मेंढ्यांसाठी घराबाहेर काढली जात होती, आणि त्यांचेच भाऊबंद दुसऱ्यांच्या मुलखात न बोलावता शिरत होते. यजमान म्हणून नावाजलेले हे लोक पाहुणे म्हणून कसे होते, हे मराठी वाचकाने स्कॉटिश पर्यटन-पत्रकात शोधू नये.

आता आजचा पाहुणा. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं त्याचं घर गाडीवर. इनव्हर्नेसच्या सुपरमार्केटमध्ये आठवड्याचा शिधा भरलेला, पलंग मागे, शेगडी मध्ये, संडासाची टाकी खाली. ड्युरनेससारख्या जेमतेम साडेतीनशे वस्तीच्या गावात तो रात्री येतो, समुद्राकडे तोंड करून गाडी लावतो, सकाळी निघून जातो. त्याला गावाकडून पाणी नको, भाकरी नको, वाट विचारायची नाही, कारण ती फोन सांगतो. पावसाची भीती नाही. अब्राहामाने धावत जाऊन या माणसाला द्यायचं काय? मागे उरते ती टाकी, आणि ती कधी कधी ओढ्यात रिकामी केलेली सापडते. 2021 पासून हायलँड कौन्सिलला उन्हाळ्यासाठी खास रेंजर नेमावे लागले, ते या कारणाने.

स्कॉटलंडचा 2003 चा जमीन सुधारणा कायदा जगातल्या उदार कायद्यांपैकी एक आहे. जबाबदारीने वागणाऱ्या कोणालाही बहुतेक जमिनीवरून चालण्याचा, तिथे तंबू ठोकून रात्र काढण्याचा हक्क तो देतो. कांटला तो आवडला असता. पण हा हक्क मोटारीला नाही. पायी आलेल्याला माळरान मोकळं, गाडीत झोपणाऱ्याला नाही. अनेक प्रवाशांना हा फरक तांत्रिक वाटतो. तो तसा नाही. चालणारा माणूस पाठीवर जेवढं मावेल तेवढंच आणतो, म्हणून कुठेतरी त्याला कोणाची तरी गरज लागतेच.

पैशाला दोष देणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही. या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांनी दोन खोल्या भाड्याने देऊन मुलं शिकवली आहेत. ओले बूट चुलीशी वाळत घालून देणारी, उद्या वारा कुठून येईल हे सांगणारी घरमालकीण बिल हातात देते म्हणून तिचा पाहुणचार हिणकस होत नाही. उलट बिलामुळे पाहुणा उपकाराच्या ओझ्यातून सुटतो आणि मोकळेपणाने बोलतो. रस्त्याकडेला अंडी आणि केक ठेवून शेजारी पैशाचा डबा ठेवण्याची रीतही इथे आहे. विकणारा तिथे नसतोच. 2022 पासून अल्पकाळ घर भाड्याने देण्यासाठी परवाना लागतो, 2024 च्या कायद्याने कौन्सिलांना मुक्कामावर कर बसवण्याचा अधिकार दिला. त्यावर कुरकुर पुष्कळ आहे. तरी पैसा हा इथला खलनायक नाही. लंडनच्या माणसाने समुद्रकाठचं घर सुट्टीसाठी विकत घेतलं आणि गावच्या शाळामास्तरला राहायला जागा उरली नाही, तिथे तो खलनायक होतो. यजमानाकडे घरच नसेल तर पाहुणचार कोण करणार? लॉखइनव्हरजवळच्या असिंट भागातल्या छोट्या शेतकऱ्यांनी 1993 मध्ये वर्गणी काढून आपल्या पायाखालची जहागीर विकत घेतली, ती या प्रश्नाला दिलेली सर्वांत ठोस उत्तरांपैकी एक.

दुसरं उत्तर डोंगरात, रस्त्यापासून लांब आहे. तिथे ‘बॉथी’ नावाच्या दगडी खोपी असतात. 1965 मध्ये स्थापन झालेली माउंटन बॉथीज असोसिएशन अशी शंभरएक घरं सांभाळते. कुलूप नाही, भाडं नाही, वीज नाही, आरक्षण नाही. केप रॅथजवळ किअरव्हेगची बॉथी समुद्राच्या तोंडाशी आहे. नियम थोडे आहेत : कचरा परत न्यावा, नंतर येणाऱ्यांची सोय पाहावी, घर पूर्वी होतं त्याहून बरं सोडावं. यजमान तिथे कधीच नसतो. काल रात्री आलेला माणूस आज येणाऱ्याचा यजमान असतो. त्याने ठेवलेली सुकी लाकडं हेच त्याचं स्वागत. सँडवूडजवळच्या स्ट्रॅथचेलीख बॉथीत जेम्स मॅक्रोरी-स्मिथ नावाचा एक तऱ्हेवाईक माणूस तीस वर्षांहून अधिक काळ एकटा राहिला. भिंतींवर त्याने चित्रं काढली, ती आजही जपली आहेत. ‘डिडाखे’च्या हिशेबाने तिसऱ्या दिवशीच तो खोटा ठरला असता. डोंगराने त्याला ठेवून घेतलं.

या किनाऱ्याच्या सर्वांत प्रसिद्ध पाहुण्याची गोष्ट या संदर्भात आठवण्यासारखी आहे. जॉन लेनन लहानपणी सुट्टीत ड्युरनेसला नातेवाइकांच्या शेतघरी राहायला येई. 1969 च्या उन्हाळ्यात, जगातला एक सर्वांत ओळखीचा चेहरा झाल्यावर, तो पत्नी योको ओनो आणि दोघांची आपापली मुलं घेऊन स्वतः गाडी चालवत परत आला. गाडी चालवणं त्याला धड येत नव्हतं. 1 जुलैला लॉख एरिबोलच्या काठी, एकेरी रस्त्यावर, समोरून गाडी येताना पाहून तो गोंधळला आणि गाडी खड्ड्यात गेली. लेनन आणि योकोला गोल्स्पीच्या लहानशा रुग्णालयात काही दिवस राहावं लागलं, लेननच्या चेहऱ्यावर टाके पडले. त्या दिवसांत हा माणूस गाडी, पैसा, कीर्ती असलेला पर्यटक उरला नव्हता. तो पुन्हा दुसऱ्यांच्या हाताकडे पाहणारा झाला होता, आणि त्या रुग्णालयाबद्दल तो पुढे चांगलंच बोलला.

पाहुणा व्हायला खड्ड्यात पडायची गरज नाही. पण काहीतरी कमी घेऊन जायला हवं. इंग्लंडात राहणारी कितीतरी मराठी कुटुंबं आता उन्हाळ्यात हा मार्ग करतात, भारतातूनही जातात. त्यांना एवढंच सांगणं. आठवड्याचा शिधा इनव्हर्नेसला भरू नका. दूध-पाव ड्युरनेसच्या, टंगच्या दुकानातून घ्या, पेट्रोलही गावातच भरा. 516 मैल पुरे करण्याच्या नादात रोज नवं गाव गाठू नका, एका गावात दोन रात्री राहा. बेटीहिलला जुन्या चर्चमध्ये स्ट्रॅथनेव्हरचं संग्रहालय आहे, तिथे तासभर द्या. रात्री गाडीत झोपायचंच असेल तर कॅम्पसाइट शोधा. आणि पासिंग प्लेसमध्ये गाडी लावून चहा करू नका : मागून येणारी गाडी गावच्या नर्सची असू शकते.